शनीचा उलटा चंद्र संगणकात बसवताना

वडूज हे खटाव तालुक्याचे ठिकाण. येरळेच्या काठचे, पण पर्जन्यछायेतले. पावसाने आमच्यावर कधी फारशी मेहेरबानी केली नाही. त्याची एक भरपाई मात्र आम्हाला मिळते. दिवाळीपासून थेट मे महिन्यापर्यंत रात्रीचे आकाश बहुधा निरभ्र असते. शनी आकाशात असला की आम्ही काही विज्ञान शिक्षक शाळेची तीन इंची दुर्बीण मैदानावर मांडतो. मुले रांगेने येतात, कडे पाहून हरखतात आणि शेजारचा एक ठिपका बघून विचारतात, "सर, ही चांदणी कुठली?" तो टायटन, शनीचा सर्वांत मोठा चंद्र.

एका रात्री नववीतल्या एका मुलाने पुढचा प्रश्न विचारला. "शनीला एवढे चंद्र आहेत म्हणता, मग बाकीचे कुठं हायत?" प्रश्न रास्त होता. २०२५ च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने शनीच्या १२८ नव्या चंद्रांना मान्यता दिली आणि त्यांची एकूण संख्या २७४ झाली. त्यांतले बहुतेक शनीपासून फार दूर फिरणारे, काही किलोमीटर व्यासाचे लहान दगड आहेत. आमच्या दुर्बिणीतून ते दिसण्याची आशाच नाही. या दूरच्या चंद्रांमधला सर्वांत मोठा म्हणजे फीबी. तोही नुसत्या डोळ्यांना दिसू शकणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यापेक्षा सुमारे १६ हजार पटींनी मंद आहे.

जो दुर्बिणीत दिसत नाही तो निदान संगणकावर दाखवावा, असे आम्ही ठरवले. त्या प्रयत्नात आमच्याकडून ज्या चुका झाल्या आणि त्या चुकांनी आम्हाला जे शिकवले, ते या लेखात सांगायचे आहे.

आभासी अवकाशयान

आम्ही 'ऑर्बिटर' नावाची संगणक-प्रणाली वापरली. मार्टिन श्वायगर या शास्त्रज्ञाने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात असताना ती लिहिली व २००० साली विनामूल्य उपलब्ध करून दिली. २०२१ मध्ये तिची मूळ संहिताही सर्वांसाठी खुली झाली. पडद्यावर आपण एका यानात बसलेलो असतो. इंजिन चालू-बंद करणे आपल्या हातात असते, बाकी सारे न्यूटनच्या नियमांवर सोडलेले असते. खेळातल्या विमानासारखे हे यान हवे तिकडे वळत नाही. चंद्राकडे जायचे असेल तर चंद्र तीन दिवसांनी कुठे असेल याचा हिशोब करूनच निघावे लागते.

या प्रणालीचा शिक्षकांच्या दृष्टीने मोठा गुण असा की ग्रह आणि चंद्र यांची माहिती साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेली असते. अशी एक फाइल आपण नव्याने लिहिली आणि शनीच्या कुटुंबाच्या यादीत तिचे नाव घातले, की प्रणाली त्या चंद्राला आकाशात जागा देते. त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. आमच्या प्रतीत शनीचे टायटन, ऱ्हिया, आयपेटस हे मोठे चंद्र होते, फीबी नव्हता. तेव्हा फीबी आपणच घालायचा असे ठरले.

सहा आकड्यांचा पत्ता

एखाद्या चंद्राचा आकाशातला पत्ता सांगायला सहा आकडे लागतात. त्यांना कक्षेचे मूलघटक म्हणतात. ते असे :

पहिला, कक्षा केवढी? लंबवर्तुळाच्या लांब व्यासाचा निम्मा भाग, म्हणजे अर्धदीर्घ अक्ष. फीबीसाठी तो सुमारे १ कोटी २९ लाख ५० हजार किमी आहे.

दुसरा, कक्षा किती लांबट? याला विकेंद्रता म्हणतात. पूर्ण वर्तुळाची विकेंद्रता शून्य. फीबीची सुमारे ०.१६.

तिसरा, कक्षा किती कललेली? कोणत्या तरी पायाभूत प्रतलाशी कक्षेने केलेला कोन. पृथ्वीच्या कक्षेचे प्रतल, म्हणजे क्रांतिवृत्ताचे प्रतल, पाया धरले तर फीबीचा कल सुमारे १७५ अंश.

चौथा, कक्षा त्या प्रतलाला कोठे छेदते? या छेदनबिंदूंना पात म्हणतात. आपल्या चंद्राच्या कक्षेचे दोन पात म्हणजेच पंचांगातले राहू आणि केतू. ते ग्रह नाहीत, दोन बिंदू आहेत, हे मुलांना सांगण्याची ही चांगली संधी असते.

पाचवा, चंद्र ग्रहाच्या सर्वांत जवळ येतो तो समीपबिंदू कोणत्या दिशेला आहे?

सहावा, एका ठरावीक क्षणी चंद्र कक्षेत नेमका कोठे होता? हा क्षण बहुधा १ जानेवारी २००० ची दुपार धरतात.

पहिल्या दोन आकड्यांनी कक्षेचे माप व आकार ठरतो, पुढच्या तिघांनी ती आकाशात कशी ठेवायची ते ठरते, आणि सहाव्याने तिच्यावर चंद्र कोठे बसवायचा ते ठरते.

ही रीत आपल्याला परकी नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला. त्यातही एका आरंभदिवशी प्रत्येक ग्रह कोठे होता ते सांगितले आहे, त्याला क्षेपक म्हणतात. आरंभापासून किती दिवस लोटले तो अहर्गण. दिवसांची संख्या फार मोठी होऊ नये म्हणून गणेशांनी ४०१६ दिवसांचे, म्हणजे जवळजवळ ११ वर्षांचे, एक चक्र धरले. क्षेपक घ्यायचा, लोटलेल्या काळातली गती त्यात हिशोबाने धरायची आणि मग दुरुस्त्या करायच्या, की आजचा ग्रह मिळतो. संगणकही हेच करतो. फरक एवढाच की तो सेकंदाला अनेकदा करतो.

बरोबर दिसणारी चूक

आकडे मिळाले. अमेरिकेच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची कोष्टके कोणालाही पाहता येतात. आम्ही एका संध्याकाळी बसून फाइल लिहिली, प्रणाली सुरू केली, आणि काय आश्चर्य! शनीपासून दूर अंतरावर फीबी प्रकट झाला. काळाचा वेग लाखपट केला तेव्हा तो शनीभोवती फिरूही लागला. तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन तोंडावर आले होते. आम्ही दुसऱ्या दिवशी दोन वर्गांना तो मोठ्या हौसेने दाखवला.

तिसऱ्या दिवशी दहावीतली एक मुलगी शिक्षकांच्या खोलीत आली. तिने ग्रंथालयातून एक पुस्तक आणले होते. ती म्हणाली, "सर, ह्यात लिहिलंय की फीबी उलटा फिरतो. आपला तर टायटनच्याच दिशेनं फिरतोय." आम्ही तिला म्हणालो, पाहू. खरे सांगायचे तर पुस्तकात चूक असावी असे आमच्यापैकी एकाला वाटलेही. पडद्यावरचे सगळे चंद्र एका दिशेने फिरत होते आणि फीबीही त्यांच्याबरोबर शहाण्यासारखा फिरत होता. मग चूक असेल कशी?

चूक आमचीच होती. प्रणालीला कोन अंशांत नको असतात, रेडियनमध्ये हवे असतात. आम्ही कलाच्या जागी १७५.२ लिहिले होते. ते १७५.२ अंश आहेत हे संगणकाला कसे कळावे? त्याने ते रेडियन समजून घेतले. पूर्ण फेरी म्हणजे ६.२८३२ रेडियन. १७५.२ मधून अशा २७ पूर्ण फेऱ्या वजा केल्या की ५.५५ रेडियन उरतात, म्हणजे सुमारे ३१८ अंश. ३१८ अंश म्हणजे उणे ४२ अंश. याचा अर्थ कक्षा ४२ अंशांनी तिरकी, पण फिरण्याची दिशा सरळ. योग्य आकडा ३.०६ रेडियन हा होता.

चूक एवढीच असती तर ती एककाची चूक म्हणून आम्ही सोडून दिली असती. पण आम्हाला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी होती. चुकीची कक्षा बरोबर दिसत होती, आणि बरोबर कक्षा घातल्यावर ती चुकीची दिसू लागली. साऱ्या चंद्रांच्या विरुद्ध दिशेने जाणारा फीबी पाहून आमच्या एका सहकाऱ्याचा हात आपोआप फाइल उघडण्याकडे गेला. पडद्यावरचे चित्र सुबक असले की मन तपासणी सोडून देते. फळ्यावर आपण चुकीचा आकडा लिहिला तर एखादा विद्यार्थी हात वर करतो. संगणकाने तो चुकीचा आकडा हलत्या चित्रात रंगवून दाखवला, तर हात वर होत नाही. आमच्या शाळेत तो एका मुलीने केला, हे आमचे भाग्य.

त्या दोन्ही वर्गांत आम्ही पुन्हा गेलो आणि परवा दाखवलेले चुकीचे होते असे सांगितले. जाताना थोडे अवघड वाटले होते. पण त्या तासाला जेवढे प्रश्न आले, तेवढे पहिल्या दिवशी आले नव्हते.

उलटा का फिरतो?

यापुढचा प्रश्न साहजिक होता. इतर मोठे चंद्र एका दिशेने फिरतात, मग फीबीच उलटा का?

येथे शब्दाचा एक घोटाळा आधी दूर करायला हवा. 'शनी वक्री आहे' असे पंचांगात आपण वाचतो. ते वक्रीपण भासमान आहे. पृथ्वी आतल्या, छोट्या कक्षेतून वेगाने पुढे निघून जाते तेव्हा शनी मागे सरकल्यासारखा दिसतो. एसटीने बैलगाडीला मागे टाकले की गाडी मागे जात असल्यासारखी वाटते, तसे. फीबीचे उलटे फिरणे भासमान नाही. शनीवर बसून पाहिले तरी तो उलटाच फिरतो.

शनीचे मोठे चंद्र शनीबरोबरच, त्याच्याभोवती फिरणाऱ्या वायू व धुळीच्या चकतीतून जन्मले असे मानतात. चकती ज्या दिशेने फिरत होती त्याच दिशेने तेही फिरतात. त्या चकतीत उलटा फिरणारा चंद्र जन्मणे शक्य दिसत नाही. म्हणून फीबी बाहेरून आला असावा, सूर्यमालेच्या दूरच्या थंड भागात तयार झालेला एक गोळा शनीच्या जवळून जाताना त्याच्या तावडीत सापडला असावा, असा निष्कर्ष निघतो. फीबीची घनता पाण्याच्या सुमारे १.६ पट आहे आणि त्याच्या पृष्ठावर पाण्याच्या बर्फाबरोबर कार्बन डायऑक्साइडचा बर्फही सापडला आहे. हेही या कल्पनेशी जुळते. एका कोनाच्या आकड्यात, १७५ मध्ये, एवढा इतिहास दडलेला आहे.

शनीची सत्ता किती दूरवर चालते, याचाही अंदाज करता येतो. सुमारे साडेसहा कोटी किमीच्या पलीकडे सूर्याचा प्रभाव शनीपेक्षा वरचढ ठरतो. फीबी त्याच्या पाचव्या हिश्श्यावर आहे. म्हणजे तो शनीचाच आहे, पण सूर्याची ओढ त्याला सतत जाणवते.

पाया कोणता?

दुसरी चूक आम्हाला सापडायला आठवडा लागला. कोष्टकात फीबीचा पात, पातापासून समीपबिंदूपर्यंतचा कोन आणि समीपबिंदूपासूनचा मध्यम कोन असे तीन कोन वेगवेगळे दिलेले होते. प्रणालीला मात्र बेरजा हव्या होत्या : समीपबिंदूसाठी पहिल्या दोघांची बेरीज आणि चंद्राच्या जागेसाठी तिघांची बेरीज. नावे सारखी वाटली म्हणून आम्ही आकडे जसेच्या तसे उतरवले. त्यामुळे कक्षेचे माप बरोबर, आकार बरोबर, दिशा बरोबर, पण चंद्र भलत्याच ठिकाणी. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची 'होरायझन्स' ही सेवा कोणत्याही तारखेला कोणताही ग्रह वा चंद्र कोठे आहे ते सांगते. तिच्याशी ताडून पाहिले तेव्हा ही चूक उघडी पडली.

तिसरी गोष्ट पायाभूत प्रतलाची. कल १७५ अंश म्हणायचे, पण कशाशी? जवळच्या चंद्रांचा कल शनीच्या विषुववृत्ताशी मोजणे सोयीचे असते, कारण शनी विषुववृत्तापाशी फुगलेला आहे आणि त्या फुगवट्याची ओढ जवळच्या चंद्रांना त्या प्रतलाशी बांधून ठेवते. दूर गेल्यावर फुगवट्याचा प्रभाव विरतो आणि सूर्याचा वाढतो. म्हणून फीबीसारख्या चंद्रांची कक्षा सूर्यमालेच्या प्रतलाशी जोडून सांगतात. शनीचा अक्ष त्याच्या कक्षेशी सुमारे २७ अंश कललेला आहे. फायलीत पाया चुकला तर तेवढाच घोळ होतो. तात्पर्य, कोन सांगायचा तर कशापासून मोजला तेही सांगायला हवे. 'गाव पाच मैलांवर आहे' या वाक्याला 'कुठून' हे कळल्याशिवाय अर्थ नाही.

आकडे गोल करण्याची किंमत

मुलांना सार्थ अंक शिकवताना आपण बहुधा नियम सांगतो, कारण सांगायचे राहून जाते. फीबीने ते कारण हाती दिले. एका विद्यार्थ्याने सुचवले, "१ कोटी २९ लाख ५० हजार कशाला? सरळ १ कोटी ३० लाख लिहू." फरक चार सहस्रांश, म्हणजे हजारात चारच भाग.

केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे प्रदक्षिणाकाळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. हजारात चार भागांनी अंतर वाढले तर काळ हजारात सहा भागांनी वाढतो. फीबीची एक फेरी सुमारे ५५० दिवसांची. तिच्यात तीन दिवसांची चूक होते, म्हणजे दर फेरीस सुमारे दोन अंश. दहा फेऱ्यांनी, साधारण १५ वर्षांनी, चंद्र जेथे असायला हवा तेथून २० अंशांहून अधिक दूर जातो. फीबीच्या कक्षेत एक अंश म्हणजे सुमारे २ लाख २६ हजार किमी, फीबीच्या व्यासाच्या हजारपट! आपले यान त्या जागी पोचेल तेव्हा तेथे काळोखाशिवाय काही नसेल.

आकडे कितीही काटेकोर घेतले तरी एक उणीव राहतेच. आमच्या फायलीतला फीबी एका कायमच्या लंबवर्तुळावर फिरतो. खऱ्या फीबीचे लंबवर्तुळ सूर्याच्या ओढीने हळूहळू वळत राहते. त्यामुळे वर्षे लोटतील तसा आमचा फीबी खऱ्यापासून दूर सरकणार. काही काळाने नवे आकडे घालावेच लागणार.

हाही आपल्या परंपरेतलाच अनुभव आहे. जुन्या ग्रंथांवरून केलेली पंचांगे कालांतराने आकाशाशी जुळेनाशी झाली, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य वेधांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक मराठीत १८६० मध्ये प्रसिद्ध केले. जुने ग्रंथकार चुकले होते असे नव्हे. कोणतेही कोष्टक आकाशाशी वेळोवेळी ताडून घ्यावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

फीबीवर उतरताना

कक्षा जमल्यावर चंद्राचे वस्तुमान, त्रिज्या आणि स्वतःभोवती फिरण्याचा काळ हे आकडे द्यायचे असतात. फीबीचा सरासरी व्यास सुमारे २१३ किमी, वस्तुमान सुमारे ८.३ गुणिले १० चा १८ वा घात किलोग्रॅम, आणि स्वतःभोवतीची फेरी सुमारे ९ तास १६ मिनिटांची. एवढ्यावरून विद्यार्थ्यांना बरेच काही काढता येते.

पृष्ठभागावरील गुरुत्वत्वरण येते सुमारे ०.०४९ मीटर प्रति सेकंद वर्ग, पृथ्वीच्या २०० व्या हिश्श्याएवढे. येथे ५० किलो भरणारा विद्यार्थी तेथे ताणकाट्यावर पाव किलो भरेल. कमरेच्या उंचीवरून, एक मीटरवरून, सोडलेला खडू खाली पडायला सहा सेकंदांहून अधिक वेळ घेईल. येथे अर्धा मीटर उंच उडी मारणारा तेथे सुमारे १०० मीटर वर जाईल आणि दोन मिनिटांनी परत टेकेल. फीबीच्या पकडीतून कायमचे सुटायला सेकंदाला सुमारे १०२ मीटर एवढाच वेग पुरतो. पृथ्वीसाठी तो ११,२०० मीटर लागतो.

यान उतरवताना मुलांची फजिती झाली ती यामुळेच. चंद्रावर उतरण्याच्या सवयीने त्यांनी इंजिनाचा झटका दिला, की यान खाली येण्याऐवजी अवकाशात निघून जाई. फीबीवर 'उतरणे' हे उतरण्यापेक्षा हळूच जाऊन टेकण्यासारखे आहे.

पृष्ठभागाचे चित्र कोणते लावायचे, यावर बरीच चर्चा झाली. काहींना आपल्याच चंद्राचे चित्र लावावेसे वाटले, खड्डे छान दिसतात म्हणून. आम्ही नको म्हटले. फीबीची खरी छायाचित्रे उपलब्ध आहेत. व्हॉयेजर-२ ने १९८१ मध्ये सुमारे २२ लाख किमीवरून अंधूक चित्रे घेतली. पुढे कॅसिनी यान ११ जून २००४ रोजी फीबीपासून अवघ्या २,०६८ किमीवरून गेले आणि १९ दिवसांनी शनीच्या कक्षेत शिरले. कॅसिनीची मोहीम १५ सप्टेंबर २०१७ रोजी संपली, पण तिची चित्रे सर्वांसाठी खुली आहेत. त्यांत कोळशासारखा काळसर, खड्ड्यांनी भरलेला गोळा दिसतो. सर्वांत मोठ्या खड्ड्याचे नाव जेसन, व्यास सुमारे १०० किमी, म्हणजे फीबीच्या व्यासाच्या जवळजवळ निम्मा. आमच्या प्रणालीतला फीबी मात्र गुळगुळीत गोल आहे, तर खऱ्याची मापे सुमारे २१९, २१७ आणि २०४ किमी अशी असमान आहेत. 'आकार अंदाजे' अशी चिठ्ठी प्रदर्शनात आम्ही पडद्याच्या बाजूला लावली.

आयपेटसचे काळे तोंड

फीबीने एक जुने कोडेही सोडवायला मदत केली आहे. १६७१ मध्ये जिओव्हानी कॅसिनी याने आयपेटस हा चंद्र शोधला. तो शनीच्या पश्चिमेला असताना दिसे, पूर्वेला गेला की दिसेनासा होई. त्याची एक बाजू उजळ व दुसरी काळी असावी असे कॅसिनीने अनुमान केले, आणि ते खरे निघाले. काळी बाजू ही नेमकी आयपेटसची पुढची, प्रवासाच्या दिशेची बाजू आहे.

फीबीवर लहानमोठे दगड आदळून धूळ उडते आणि तीही फीबीप्रमाणे उलट दिशेने फिरत हळूहळू आत सरकते. २००९ मध्ये स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीला या धुळीचे एक अवाढव्य कडे दिसले, शनीपासून १ कोटी किमीहूनही दूर पसरलेले. आयपेटस सरळ दिशेने जातो, धूळ समोरून येते. संध्याकाळी मोटारसायकलवरून जाताना चिलटे तोंडावरच बसतात, पाठीवर नाही. त्याचप्रमाणे धूळ आयपेटसच्या पुढच्या बाजूवर साचते. काळी झालेली बाजू जास्त ऊन शोषते, तेथला बर्फ उडून थंड बाजूवर जातो आणि काळे अधिक काळे होते. आमच्या चुकीच्या फायलीतला, सरळ फिरणारा फीबी खरा असता, तर धूळ आयपेटसवर अशी समोरून येऊन आदळली नसती.

वर्गात करून पाहा

संगणक नसेल तरी पुढील गोष्टी करता येतात.

१) शनी हरभऱ्याच्या दाण्याएवढा, १ सेंमी, धरा. म्हणजे १ सेंमी = १ लाख २० हजार किमी. मग टायटन १० सेंमीवर, आयपेटस ३० सेंमीवर आणि फीबी सरासरी १०८ सेंमीवर येतो. या प्रमाणात सूर्य सुमारे ११९ मीटरवर असेल, मैदानाच्या पलीकडे. फीबी स्वतः धुळीच्या कणाएवढाही भरणार नाही.

२) अंगणात ३५ सेंमी अंतरावर दोन खिळे रोवा. २५१ सेंमी लांबीच्या दोरीचे वेटोळे त्यांत अडकवून खडूने लंबवर्तुळ काढा. एक खिळा म्हणजे शनी. आकृती जवळजवळ वर्तुळच दिसेल, पण शनी मध्यापासून चांगलाच सरकलेला असेल. एका टोकाला अंतर सुमारे ९० सेंमी, दुसऱ्या टोकाला सुमारे १२५ सेंमी.

३) टायटनचे अंतर १२ लाख २२ हजार किमी, काळ १५.९५ दिवस. फीबीचे अंतर देऊन त्याचा काळ विद्यार्थ्यांना काढू द्या. उत्तर ५५० दिवसांच्या आसपास यावे.

४) हाच हिशोब गुरूसाठी करा. कॅलिस्टो १८ लाख ८३ हजार किमीवर, काळ १६.६९ दिवस. १९०४ मध्ये चार्ल्स पेराइनने शोधलेला हिमालिया हा चंद्र सुमारे १ कोटी १४ लाख ४० हजार किमीवर आहे. त्याचा काळ सुमारे २५० दिवस येतो का ते पाहा.

प्रदर्शनाच्या दिवशी फीबी योग्य दिशेने, म्हणजे उलटा फिरत होता. येणाऱ्यांपैकी बरेच जण थांबून म्हणत, "हा एकच उलटा कसा? काही बिघडलंय का?" पडद्याजवळ ती दहावीतली मुलगी उभी होती. बिघडलेले काही नाही, असे सांगून ती त्यांना १७५ अंशांचा अर्थ समजावून देत होती.